रेणू तोलणाऱ्या यंत्राचा ताप

व्हिटॅमिन डी, कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन किंवा नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट कधी तुमच्या हाती आला असेल, तर आकड्याच्या खाली बारीक अक्षरांत छापलेली एक ओळ बहुधा तुमच्या नजरेतून सुटली असेल. ‘पद्धत : एलसी-एमएस/एमएस’. यातले ‘एमएस’ म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, सोप्या भाषेत रेणूंचे वजन करणारा काटा. वाण्याचा काटा ग्रॅम मोजतो, सोनाराचा मिलिग्रॅम. हा काटा एकेक रेणू मोजतो, आणि दोन रेणूंच्या वजनात हजारातल्या एखाद्या भागाचा फरक असला तरी तो ओळखू शकतो.

मागे एक आजोबा अशीच एक तपासणी करून माझ्याकडे आले आणि म्हणाले, “डॉक्टर, आम्ही बाहेर बाकावर घामाघूम, आणि आत यंत्राला मात्र चोवीस तास एसी. माणसापेक्षा यंत्र नाजूक का हो?” प्रश्न चेष्टेचा होता, पण त्याचे उत्तर चांगले शंभर वर्षे लांबीचे आहे. आज तेच सांगतो. यात भौतिकशास्त्र थोडे येईल. घाबरू नका, शाळेतल्या ‘उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात’ या एका वाक्यापलीकडे फारसे लागणार नाही.

उफणणी

ज्यांनी खळे पाहिले आहे त्यांना हे यंत्र दोन मिनिटांत समजते. मळणी झाली की शेतकरी उंचावर उभा राहून सूप तिरके करतो. वारा वाहत असतो. दाणा जड, तो पायाशी पडतो; भुसा हलका, तो लांब उडतो. वारा एकच, उंची एकच, तरी प्रत्येकाची पडण्याची जागा त्याच्या वजनाने ठरते. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये धान्याच्या जागी रेणू असतात. आधी त्यांना विद्युतभार द्यायचा, मग हवा काढून टाकलेल्या पोकळीत त्यांना पळवायचे, आणि वाऱ्याच्या जागी चुंबक किंवा विद्युतक्षेत्र लावायचे. हलका रेणू जास्त वळतो, जड कमी. कोण कुठे पडला ते पाहून वजन सांगायचे. (काटेकोर बोलायचे तर यंत्र वजन आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर मोजते, पण आपले काम ‘वजन’ या शब्दावर भागेल.)

ही उफणणी पहिल्यांदा केली इंग्लंडमधल्या केंब्रिजला, जे. जे. थॉमसन यांनी. इलेक्ट्रॉन शोधणारे तेच हे थॉमसन. १९१२-१३ मध्ये त्यांनी निऑन वायू असा पळवला तेव्हा फोटोच्या काचेवर एकाऐवजी दोन रेषा उमटल्या, एक २० वजनाची आणि दुसरी २२ ची. निऑनचे पुस्तकातले वजन होते सुमारे २०.२. म्हणजे २०.२ वजनाचा एकही अणू अस्तित्वात नव्हता; तो होता वीसवाल्यांच्या आणि बावीसवाल्यांच्या मिश्रणाचा सरासरी आकडा. त्यांचे सहायक फ्रान्सिस अॅस्टन यांनी पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, जास्त बारीक यंत्र बांधले आणि एकामागून एक मूलद्रव्यांची अशीच फोड केली. त्यांना १९२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

अॅस्टन यांचे पहिले यंत्र हजारात एक इतकी अचूकता देत असे. १९२७ चे दुसरे यंत्र दहा हजारात एक. एवढा अट्टहास कशासाठी, असे वाटेल. पण हायड्रोजनच्या चार अणूंचे मिळून जे वजन होते, त्यापेक्षा हेलियमचा एक अणू किंचित हलका भरतो, हे याच मोजमापांतून दिसले, आणि १९२० मध्ये एडिंग्टन यांनी त्यावरूनच सूर्य कशावर जळत असावा याचा अंदाज बांधला. दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या आकड्यात सूर्याचे इंधन दडलेले होते.

अॅस्टन यांची एक युक्ती इथे लक्षात ठेवा, पुढे तीच आपल्या कामी येणार आहे. अनोळखी रेषेचे वजन ते नुसत्या यंत्राच्या मापांवरून ठरवत नसत. ज्याचे वजन पक्के माहीत आहे असा पदार्थ त्याच काचेवर शेजारी उमटवायचा आणि दोन्ही रेषांची तुलना करायची. यंत्र थोडे इकडेतिकडे झाले तरी दोघांनाही ते सारखेच लागू होते.

डॉक्टरांच्या दारात

भौतिकशास्त्रज्ञांचे हे खेळणे वैद्यकात आले ते रुडॉल्फ शूनहायमर यांच्यामुळे. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ते जर्मनी सोडून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे डेव्हिड रिटनबर्ग यांच्याबरोबर त्यांनी उंदरांना असे अन्न दिले ज्यात साध्या नायट्रोजनऐवजी एकाने जड असलेला नायट्रोजन होता, आणि मग तो शरीरात कुठे पोचतो ते मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजले. त्या काळी समज असा होता की मोठ्या माणसाचे शरीर म्हणजे बांधून झालेले घर. रोजचे अन्न म्हणजे केवळ चुलीतले सरपण. प्रयोगात दिसले ते वेगळेच. खाल्लेल्या नायट्रोजनचा मोठा हिस्सा शरीराच्या प्रथिनांत जाऊन बसत होता आणि तेवढाच जुना बाहेर पडत होता. घर रोज विटा बदलत होते. “या वयात प्रोटीन कशाला?” असे विचारणाऱ्या सत्तरीतल्या पेशंटला मी जे समजावतो, त्याचे मूळ या उंदरांत आहे.

तोवर यंत्र मात्र प्रयोगशाळेतला एक लहरी गृहस्थच होते. भलेमोठे चुंबक, काचेच्या नळ्या, आणि ते सांभाळायला एक तज्ज्ञ. ते बदलले जर्मनीतल्या बॉन शहरात. वोल्फगांग पॉल यांनी १९५३ मध्ये हेल्मुट श्टाइनवेडेल यांच्यासह चुंबकाशिवाय चालणारी गाळणी सुचवली. चार समांतर दांडे. त्यांना विशिष्ट लयीत उलटसुलट होणारा विद्युतदाब द्यायचा. मधून जाणारे रेणू डोलू लागतात. ज्याचे वजन त्या लयीशी जुळते तोच सरळ पलीकडे पोचतो, बाकीचे दांड्यांवर आपटतात. दाब बदलत गेले की वेगवेगळ्या वजनांची पाळी येते. आज तुमचे व्हिटॅमिन डी मोजणाऱ्या यंत्रात असे दोन संच एकापुढे एक असतात. पॉल यांना याच कामाच्या सुमारास केलेल्या शोधांसाठी १९८९ चे नोबेल मिळाले.

आता तापमानाचा खेळ सुरू होतो. या चार दांड्यांच्या मधली जागा काही मिलिमीटरांची, आणि कोणते वजन पार होईल हे त्या जागेच्या मापाच्या वर्गावर अवलंबून. स्टेनलेस स्टील एक अंश सेल्सिअस तापले की दहा लाखात सुमारे १७ भाग एवढे वाढते. वर्गामुळे वजनातली चूक दुप्पट, म्हणजे दहा लाखात ३४ भाग. ५०० वजनाच्या रेणूसाठी ही चूक एका अंशाला ०.०१७ झाली. नगण्य वाटते ना? पण खोलीचे तापमान सकाळपासून दुपारपर्यंत दहा अंशांनी वाढले तर तीच चूक ०.१७ होते, आणि यंत्राची खिडकी एका एककाएवढी अरुंद असते. रेणू खिडकीच्या मधोमध न येता कडेला येतो, काही कण चौकटीला आपटतात, मोजणी कमी भरते. तुमचे व्हिटॅमिन डी सकाळी २२ आणि दुपारी २०, आणि दोष तुमच्या जेवणाचा नसून खोलीच्या उन्हाचा! शिवाय दांड्यांना विद्युतदाब पुरवणारी सर्किटेही तापतात आणि सरकतात. प्रत्यक्षात ती कटकट दांड्यांपेक्षा जास्त.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा मला, डॉक्टर म्हणून, फार आवडतो. अनेक यंत्रांत या दांड्यांना थंड न ठेवता मुद्दाम गरम ठेवले जाते. वायूचे नमुने तपासणाऱ्या यंत्रांत तर चक्क १५० अंशांच्या आसपास. का? आपल्या शरीराकडे पाहा. आपले शरीर ३७ अंशांवर चालते, आणि भोवतालची हवा सहसा त्याहून थंड असते. त्यामुळे तापमान सांभाळायचे म्हणजे मुख्यतः उष्णता कमी-जास्त बाहेर सोडायची, एवढेच. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४४ वर गेला की हे गणित उलटे होते आणि घाम हा एकच मार्ग उरतो. उष्माघाताचे पेशंट आम्ही तेव्हाच पाहतो. यंत्राला घाम येत नाही. म्हणून त्याचे ‘नॉर्मल’ तापमान खोलीच्या कुठल्याही तापमानापेक्षा खूप वर ठरवायचे. मग लहानसा हीटर कमी-जास्त केला की भागते, थंड करायची वेळच येत नाही.

गरम ठेवण्याचा दुसरा फायदा स्वच्छतेचा. गरम पाण्याने अंघोळ केली की न्हाणीघरातल्या थंड आरशावर वाफ धरते, गरम भिंतीवर धरत नाही. नमुन्यातले तेलकट, चिकट रेणू थंड दांड्यांवर असेच थर करून बसतात, त्या थरावर विद्युतभार साचतो आणि पुढच्या रेणूंची वाट चुकते. दांडे गरम असतील तर घाण टिकत नाही. काही यंत्रांत तर धातूचे दांडेच काढून टाकले गेले. क्वार्ट्झचा एकसंध तुकडा आतून योग्य आकाराचा करून त्याला सोन्याचा मुलामा दिला. वितळवून घडवलेले क्वार्ट्झ एका अंशाला दहा लाखात जेमतेम अर्धा भाग वाढते, स्टीलच्या तिसाव्या हिश्शाएवढे.

धावण्याची शर्यत

दुसरा एक प्रकार आहे, तो जास्त सोपा आणि तापमानाच्या बाबतीत जास्त हळवा. त्यात वळवायचे, गाळायचे काही नाही. सगळ्या रेणूंना एकाच क्षणी सारखा धक्का द्यायचा आणि लांब नळीत सोडायचे. हलका आधी पोचतो, जड नंतर. घड्याळ लावून बसायचे. विल्यम स्टीफन्स यांनी १९४६ मध्ये ही कल्पना मांडली आणि अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीत विली आणि मॅक्लॅरेन यांनी १९५५ मध्ये तिला नीट कामाचे रूप दिले.

थोडे गणित करू. १०,००० वजनाचा एखादा जिवाणूतला प्रथिन-रेणू २० हजार व्होल्टचा धक्का खाऊन निघाला, तर एक मीटर नळी तो सुमारे ५० मायक्रोसेकंदांत पार करतो. पापणी लवते तोवर असे हजारो फेरे होतील. नळी स्टीलची असेल आणि एक अंशाने तापली, तर तिची लांबी १७ मायक्रॉनने वाढते, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाएवढी. रेणूला पोचायला एक नॅनोसेकंदाहूनही कमी उशीर होतो. तरीही वजन वेळेच्या वर्गावर ठरत असल्याने आकडा पुन्हा दहा लाखात ३४ भागांनी जास्त येतो.

एवढ्याने बिघडते काय? एक उदाहरण आमच्या धंद्यातले घेऊ. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या माणसांचा जीव घेणारा. हवेतला साधा नायट्रोजन मात्र आपण श्वासागणिक घेतो. दोघांचेही वजन २८. पण बारीक काट्यावर कार्बन मोनॉक्साइड २७.९९४९ भरतो आणि नायट्रोजन २८.००६१. फरक दहा लाखात ४०० भागांचा. आता एका अंशाला ३४ भाग या हिशेबाने १२ अंश तापमानवाढ म्हणजे ४०८. म्हणजे २४ अंशांच्या खोलीत नीट लावून ठेवलेले, पण तापमान न सांभाळणारे यंत्र ३६ अंशांच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडला नायट्रोजनचे वजन देईल. विषाला निर्दोष ठरवेल. २४ आणि ३६ मधले अंतर म्हणजे एसी बंद पडलेली एप्रिलमधली एक दुपार, दुसरे काही नाही.

इथे गोष्टीत एक घड्याळजींच्या घराण्यातला माणूस येतो. शार्ल एदुआर गियोम, स्वित्झर्लंडच्या फ्लरिए गावचे. पॅरिसजवळ सेव्र येथे वजनमापांचे आंतरराष्ट्रीय कार्यालय आहे, जिथे मीटरची मूळ पट्टी जपून ठेवलेली असे. तिथे ते काम करत. मीटरच्या प्रती बनवायच्या तर त्या तापमानाने लांबडू नयेत, आणि प्लॅटिनम परवडत नाही, असा तो पेच होता. १८९६ मध्ये त्यांना आढळले की लोखंडात सुमारे ३६ टक्के निकेल मिसळले तर तयार होणारा मिश्रधातू जवळजवळ वाढतच नाही. एका अंशाला दहा लाखात साधारण एकच भाग. नाव ठेवले ‘इन्व्हार’. त्यातून घड्याळाचे लंबक झाले, जमीन मोजायच्या तारा झाल्या, आणि १९२० मध्ये गियोम यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे कितीतरी वर्षांनी रेणूंच्या शर्यतीच्या नळ्यांसाठी यंत्र बनवणाऱ्यांनी हाच धातू वापरला. घड्याळाच्या लंबकाचा धातू रेणूंच्या शर्यतीत आला, हे मला तरी अगदी योग्य वाटते. शेवटी तिथेही वेळच तर मोजायची आहे.

ज्यांनी इन्व्हार घेतला नाही त्यांनी नळीभोवती हीटर आणि उष्णतारोधक गुंडाळी लावली, किंवा नळीचे तापमान सतत मोजून संगणकाकडून आकडा सुधारून घेतला. त्याहून वरच्या पायरीवरची यंत्रे आणखी लाडावलेली. अलेक्झांडर मकारोव्ह यांच्या कल्पनेतून आलेले आणि २००५ मध्ये बाजारात उतरलेले ऑर्बिट्रॅप घ्या. त्यात विद्युतदाबाच्या पुरवठ्याचे तापमान काटेकोर ठेवावे लागते, कारण दाब दहा लाखात एका भागाने हलला तर वजनही तेवढेच हलते. आणि १९७४ पासून वापरात आलेल्या एका प्रकारात अतिवाहक चुंबक असते. ते द्रवरूप हेलियममध्ये, म्हणजे उणे २६९ अंशांवर बुडवून ठेवतात. एका यंत्राचे काळीज १५० अंशांवर सुखी, दुसऱ्याचे उणे २६९ वर. दोघांची मागणी एकच, की आहे ते हलू देऊ नका.

सगळ्यांनाच एवढी अचूकता लागते का?

नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण ‘मास स्पेक्ट्रोमेट्री’ हा शब्द जाहिरातीत वाचून साध्या शुगर-कोलेस्टेरॉलसाठीही तीच तपासणी मागणारे पेशंट भेटतात. त्याची काही गरज नाही.

जिवाणू ओळखण्याचेच पाहा. जपानच्या शिमाद्झु कंपनीतले कोइची तानाका यांच्याकडून प्रयोगात कोबाल्टची पूड चुकून ग्लिसरीनमध्ये मिसळली गेली. टाकून द्यायला जिवावर आले म्हणून त्यांनी तेच मिश्रण वापरून पाहिले, आणि मोठी प्रथिने लेझरने न तुटता उडवता आली. पीएचडी नसलेल्या या विद्युत अभियंत्याला २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्याच सुमारास जर्मनीत कारास आणि हिलेनकँप यांनी विकसित केलेली पद्धत आज मोठ्या रुग्णालयांत वापरतात. जिवाणूचा ठिपका धातूच्या पट्टीवर लावायचा, लेझर मारायचा, आणि २,००० ते २०,००० वजनांमधल्या त्याच्या प्रथिनांची रांगोळी साठ्यातल्या हजारो रांगोळ्यांशी जुळवायची. पूर्वी वाढलेल्या जिवाणूचे नाव कळायला आणखी एखादा दिवस लागे, तिथे काही मिनिटे पुरतात. कँडिडा ऑरिस नावाची बुरशी आपल्या आयसीयूंमध्ये डोकेदुखी ठरली आहे. अनेक औषधांना न जुमानणारी. जुन्या रासायनिक चाचण्या तिला दुसऱ्याच बुरशीचे नाव देत, ही रांगोळी तिला बरोबर ओळखते, फक्त साठ्यात तिची नोंद हवी. इथे एका अंशाच्या चुकीने काही बिघडत नाही, कारण पाहायची असते अख्खी रांगोळी, एखादा ठिपका नव्हे. तरी लॅबमध्ये आधी ओळखीच्या जिवाणूवर यंत्र लावून घेतातच. अॅस्टन यांची युक्ती!

बाळाच्या टाचेतला थेंब

अचूकता जिथे जिवावर बेतते तिथले एक प्रकरण सांगतो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात १९८९ मध्ये एक तान्हे बाळ दगावले. प्रयोगशाळांनी त्याच्या रक्तात एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचे विषारी द्रव्य, असल्याचे सांगितले. आईला अटक झाली. कोठडीत असतानाच तिला दुसरे बाळ झाले. ते तिच्यापासून दूर, दुसऱ्या कुटुंबात वाढत होते, तरी त्यालाही तशीच लक्षणे दिसली आणि मिथाइलमॅलोनिक अॅसिडेमिया या आनुवंशिक आजाराचे निदान झाले. एवढे होऊनही १९९१ मध्ये तिला जन्मठेप सुनावली गेली. मग सेंट लुईस विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी पहिल्या बाळाचा जपून ठेवलेला नमुना मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासला. एथिलीन ग्लायकॉल नव्हतेच. त्या आजारात शरीरातच तयार होणारे प्रोपिऑनिक आम्ल पहिल्या चाचणीच्या आलेखावर जवळपास त्याच जागी उमटत होते, आणि वजन न पाहता केवळ जागेवरून त्याला विष ठरवले गेले होते. त्याच वर्षी ती आई सुटली.

ती चूक तापमानाची नव्हती, वाचणाऱ्यांची होती. पण आलेखावरचे एक शिखर किंचित अलीकडे की पलीकडे, यावर काय काय टांगलेले असते ते यातून कळते. आणि असे शिखर सरकायला तापमान पुरेसे असते: ‘एलसी’ म्हणजे रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून रेणू बाहेर पडायची वेळ एका अंशाला साधारण १ ते २ टक्क्यांनी बदलते. लहान बाळांच्या रक्तात व्हिटॅमिन डीचे एक जुळे रूप असते, ज्याचे वजन तंतोतंत तेच. काटा त्यांना वेगळे करूच शकत नाही. ते काम या नळीचे, म्हणून तीही बंद ओव्हनमध्ये ठेवतात.

नवजात बाळांच्या तपासणीची सुरुवात १९६० च्या दशकात रॉबर्ट गथ्री यांनी केली. टाचेतून रक्ताचे थेंब जाड टिपकागदावर, आणि फिनाइलकीटोन्युरिया या एकाच आजाराचा शोध. या आजारात फिनाइलअॅलनीन साचून मेंदूची वाढ खुंटते, पण पहिल्या काही आठवड्यांत आहार बदलला तर मूल चारचौघांसारखे वाढते. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड मिलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी त्याच सुकलेल्या थेंबावर दुहेरी मास स्पेक्ट्रोमीटर लावला आणि एका थेंबात, दोन-तीन मिनिटांत, डझनावारी आजार चाळता येऊ लागले. पहिल्या गाळणीतून १६६ वजनाचे फिनाइलअॅलनीन निवडायचे, ते फोडायचे, दुसऱ्या गाळणीतून १२० चा तुकडा मोजायचा. प्रत्येक नमुन्यात मोजून-मापून एक जुळा भाऊही सोडलेला असतो: पाच जड हायड्रोजन घातलेले, १७१ वजनाचे फिनाइलअॅलनीन. खोली तापली, पंप थकला, विद्युतदाब हलला, तर दोघांची मोजणी जवळपास सारखीच घसरते आणि त्यांचे गुणोत्तर टिकून राहते. रिपोर्टवरचा आकडा या गुणोत्तरातून येतो. एसी, हीटर, इन्व्हार या सगळ्यानंतरही राहून गेलेली चूक हा भाऊ आपल्या अंगावर घेतो. गोवा राज्याने सरकारी रुग्णालयांतल्या बाळांसाठी नवजात तपासणीचा कार्यक्रम २००८ मध्ये सुरू केला. महाराष्ट्रात ही तपासणी अजून बव्हंशी पालकांच्या खिशावर आणि डॉक्टरांच्या आठवणीवर आहे, हे मला पटत नाही.

आता तुमच्या उपयोगाचे थोडे. लॅबने ‘वीज गेल्यामुळे रिपोर्ट उद्या’ असे सांगितले तर चिडू नका. वीज गेली की पंप थांबतात, पोकळीत हवा शिरते, हीटर निवतात. वीज आल्यावर पुन्हा पोकळी होऊन, भिंतींना चिकटलेली वाफ निघून, सगळे भाग ठरल्या तापमानाला स्थिर व्हायला काही तास, कधी अख्खा दिवस जातो. त्या आधी मोजलेला आकडा घाईने देणाऱ्या लॅबपेक्षा थांबवणारी लॅब बरी. औषध सुरू करून पुन्हा व्हिटॅमिन डी किंवा हार्मोन तपासायचे असेल तर शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा. दोन पद्धतींच्या आकड्यांतली वजाबाकी म्हणजे तुमची प्रगती नव्हे.

आणि तान्ह्या बाळाच्या कार्डाबद्दल. यंत्राचे तापमान अंशाच्या अंशापर्यंत सांभाळलेले असते, पण रक्ताचे कार्ड यंत्रापर्यंत पोचते ते कुरियरच्या पिशवीतून. गॅलेक्टोसेमिया आणि जी-सिक्स-पीडी या तपासण्यांत रक्तातल्या एन्झाइमची ताकद मोजतात, आणि उष्णतेने व दमटपणाने ती ताकद कार्डावरच उतरते. म्हणून उन्हाळ्यात निरोगी बाळांचेही रिपोर्ट ‘संशयास्पद’ येण्याचे प्रमाण वाढते. कार्ड सावलीत, आडवे ठेवून, खोलीच्या तापमानाला तीन-चार तास सुकू द्यावे. पंख्याची गरम हवा, हेअर ड्रायर, खिडकीतले ऊन यांपासून दूर. सुकल्यावर त्याच दिवशी पाठवावे, उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. पुन्हा नमुना मागितला तर घाबरून न जाता लगेच द्यावा, आणि पहिले कार्ड किती वाजता, कसे पाठवले होते तेही डॉक्टरांना सांगावे.